राणाजी हरले ते आमच्या घोड्यामुळे

सिंगोलाव
सोमवार, ५ मार्च १९७९

ब्याईजी श्री गुमानसिंहजी, नाहरवास, यांस बाघसिंहचा जय माताजी.

काल रविवार. आपण व्याही मंडळी सकाळी जीपने आलात. माझ्या मुलीची, सूरजची, सोयरिकीची ओटी भरली गेली. नारळ आणि गूळ वाटला. जेवायला दाल-बाटी, गट्ट्यांची भाजी आणि चुरमा होता. आपण दोन बाट्या घेतल्यात आणि तिसरीला हात आडवा केलात. जेवताना बायकांच्या पडद्याकडे एकसारखं पाहत होतात. रात्री मुक्काम करायचं ठरलं होतं, पण जेवण होताच जीप निघाली. निघताना आपण मला मिठी मारली नाही, नुसते हात जोडलेत.

मी बोलायला कमी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. सूरजची आई असती तर तिने जीपसमोर उभं राहून काय बिघडलं ते विचारून घेतलं असतं. तिला जाऊन माघात वर्ष झालं. म्हणून मी पत्राने विचारतो आहे. डाळ खारट होती का? आपले चिरंजीव देवीसिंह यांच्या मानपानात काही राहिलं का?

माझ्याकडून काळजी घेण्यात कसर नव्हती. आपल्याला शांतपणे जेवता यावं म्हणून पडद्याआडच्या बायकांना मी आदल्या दिवशीच ताकीद दिली होती की कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

बाघसिंह


नाहरवास
१२ मार्च १९७९

आदरणीय श्रीमान बाघसिंहजी,

आपलं कृपापत्र मिळालं. डाळ उत्तम होती. मानपान यथास्थित झाला. आपल्या घरी अतिशय शांतता होती, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

लग्नाला आखातीजेचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त आम्हांस जरा घाईचा वाटू लागला आहे. दिवाळीनंतर सवडीने पाहावं असा विचार आहे. कळावे.

आपला
गुमानसिंह


सिंगोलाव
१८ मार्च १९७९

ब्याईजी श्री गुमानसिंहजी यांस जय माताजी.

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. माझी थोरली बहीण सायरबाई माझ्याकडेच असते. तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पत्र ब्याईचं नाही, तहसीलदाराचं आहे." सूरजला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. लग्नाच्या ओढण्या रंगवायला द्यायच्या होत्या, त्या तिने घडी करून परत ठेवल्या.

मी विचार करून एका निष्कर्षाला आलो आहे. आपल्या दोन गावांत जी जुनी थट्टा चालत आली आहे, तिचीच आपल्या मनात अढी असावी. खानव्याच्या लढाईत राणा सांगाजींच्या बाजूने लढताना पहिली तोफ वाजली आणि आपले पूर्वज खेताजी यांचा हंसला घोडा जो उधळला तो थेट नाहरवासच्या वेशीत येऊन थांबला, त्याला पाहून मागची फळी फुटली आणि राणाजी हरले, असं आमच्या गावच्या बायका लग्नात गातात. यापुढे ते कानावर पडणार नाही, अशी हमी मी देतो.

इतकंच नव्हे, सूरजचं शाळेतलं इतिहासाचं पुस्तक काढून मी खात्री करून घेतली. त्यात राणाजींच्या पराभवाची कारणं स्पष्ट दिली आहेत. बयाना जिंकल्यावर राणाजींनी पुढे चाल करायला उशीर केला, त्यामुळे शत्रूला तयारीला सवड मिळाली. शत्रूने गाड्या एकमेकींना बांधून आडोसा केला आणि मागून तोफा डागल्या. ऐन लढाईत राणाजींना बाण लागला आणि त्यांना मैदानातून न्यावं लागलं. काही जण फितुरीही सांगतात. घोड्याचा उल्लेख कुठेच नाही.

तेव्हा आपल्या घराण्याचा त्या पराभवाशी काडीचाही संबंध नाही, हे मी लेखी कळवतो. आता तरी मन मोकळं करावं.

बाघसिंह


नाहरवास
२५ मार्च १९७९

बाघसिंहजी,

अहो, काय माणूस आहात तुम्ही! नाव बाघ, आणि काम सशाचं!

पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. चष्मा सापडेना म्हणून देवीसिंहने मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचून कागद खाली ठेवला. आतून त्याची आई बाहेर आली. म्हणाली, "ऐकलंत? आपला घोडा काढून घेतला ब्याईंनी." आणि रडायला लागली. खोटं सांगत नाही.

आमचा घोडा निर्दोष आहे हे सांगायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं? खानव्याला हजारोंनी घोडे होते. चांगले होते, शूर होते, जागच्या जागी मेले. त्यांतल्या एकाचं तरी नाव घेतं का कुणी? आमच्या हंसल्याचं घेतात! साडेचारशे वर्षं नाहरवासच्या प्रत्येक नवरदेवाने तोरणाखाली उभं राहून ऐकलंय की तुझ्या घोड्याने राणाजींना हरवलं. माझ्या बापाने ऐकलं. मी ऐकलं. माझ्या लग्नात तर मी मान खाली घालून इतका हसलो की शिरपेच सुटून पडला. आणि आता तुम्ही शाळेचं पुस्तक पुढे करता? त्या पुस्तकात खेताजी आहेत का? नाहीत. तुमचे डूंगाजी आहेत का? तेही नाहीत! राणाजींचा नगारा वाजवायचा सोडून अफू खाऊन त्याच नगाऱ्याची उशी करून झोपले, आणि फौजेला कळेना पुढे जायचं की मागे. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो की राणाजी हरले ते तुमच्या झोपेमुळे. तोफांमुळे हरले म्हणता? मग तुम्ही-आम्ही तिथे गेलो होतो कशाला, उंटांना पाणी पाजायला?

आता त्या रविवारचं सांगतो. मी गाडीत बसल्यापासून वाट पाहत होतो की पडद्यातून आता गाण्यातली पहिली शिवी येते, मग येते. पहिली बाटी झाली, काही नाही. म्हटलं, दुसरीला येईल. आमचा पुतण्या मला कोपराने ढोसत होता, "काका, या लोकांना सोयरीक नको दिसते." पोस्टमन दारात आला तर त्याला तुम्ही असंच शांतपणे जेवू घालाल. आम्ही काय पोस्टमन?

स्पष्ट विचारतो. नातं करायचं आहे की नाही?

गुमानसिंह


सिंगोलाव
४ एप्रिल १९७९

ब्याईजी यांस जय माताजी.

करायचं आहे.

आपलं पत्र आलं त्या दिवशी एक गाय अडली होती, म्हणून मी पशुदवाखान्यातून उशिरा घरी आलो. हात धुतले आणि वाचलं. आपला राग रास्त आहे. खरं कारण मी तेव्हाच लिहायला हवं होतं, ते आता लिहितो.

त्या गाळी, ती ब्याईंना चिडवायची लग्नातली गाणी, सूरजच्या आईच्या होत्या. अचरजला लिहिता येत नसे, पण प्रत्येक लग्नात ती एक नवं कडवं जोडायची. स्वयंपाक करता करता पुटपुटायची, आणि मी विचारलं की म्हणायची, "तुम्ही औषधं मोजा." ती गेल्यावर या घरात कुणी गायलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकणं मला जमणार नाही असं वाटलं, म्हणून मी बायकांना गप्प केलं. आपल्याला शांतपणे जेवता यावं हे कारण मी पुढे केलं, ते तितकंसं खरं नव्हतं.

आपलं पत्र सायरबाईला वाचून दाखवलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"अरे भाई, तू सांगितलंस तोंड बंद, आम्ही केलं. पदर कोंबले होते तोंडात. तुला काय ठाऊक, चार जणी उठून गोठ्यात गेल्या आणि म्हशींसमोर गाऊन आल्या."

मी म्हणालो, "म्हशींसमोर?"

"मग काय! ब्याईंच्या वाटचं कुणाला तरी द्यायला नको?"

सूरज भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "बाबोसा, आईची सगळी कडवी आहेत. विहिरीवर रोज चालतात. तुम्ही तळ्याकडच्या लांबच्या वाटेने येता, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही."

हे खरं आहे. वर्षभर मी लांबच्या वाटेनेच येतो.

काल विहिरीच्या वाटेने आलो. कडुनिंबाच्या अलीकडे थांबलो. पोरी घागरी ठेवून गात होत्या. आपल्याच धाकट्या भावाच्या लग्नातलं कडवं होतं, मूळ असं:

"ब्याईजींच्या मिशा लांब गं, इतक्या लांब गं,
राणाजींना पाठीमागून दिसल्या गं.
तोफ वाजली खानव्याला,
घोडा थांबला नाहरवासाला."

त्यांनी मात्र घोडा आधी घेतला आणि मिशा नंतर. ते चुकीचं आहे. मी झाडाआडून बोलून गेलो, "मिशा आधी." पोरी घागरी टाकून, तोंडावर ओढण्या घेऊन पळाल्या. एक घागर घरंगळत माझ्यापर्यंत आली. मला ते कडवं पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.

गाळी होतील. आखातीज ठेवावी, ही विनंती.

बाघसिंह


नाहरवास
९ एप्रिल १९७९

बाघसिंहजी,

ते मिशांचं कडवं! त्या दिवशी अचरजबाईंनी ते म्हटलं आणि माझ्या तोंडातली खीर नाकातून आली. अजून आमच्याकडे कुणी न्हाव्याकडे निघालं की विचारतात, पाठीमागून दिसतात का? इतकी चांगली वस्तू तुम्ही वर्षभर कुलपात ठेवलीत. पण मी काही बोलत नाही. माझी बायको घरात आहे, मला त्यातलं काय कळणार?

आखातीज पक्की. देवीसिंह ओट्यावरून उडी मारून गेला, आणि त्याची आई कुणाकुणाला सांगत सुटली आहे की घोडा परत मिळाला.

अटी ऐका. तोरणावर गाळी झाल्या नाहीत तर नवरदेव घोडीवरून उतरणार नाही. जेवताना झाल्या नाहीत तर वरातीतला एकही माणूस घास उचलणार नाही. आणि वेशीवर वरात दिसताच तुमचा नगारा वाजला पाहिजे. त्याला नवं कातडं चढवा. जुन्यावर डूंगाजींच्या गालाचा वळ असेल.

गुमानसिंह

ता. क. सूनबाईंना सांगा, ओढण्या रंगवायला द्या.


नाहरवास
४ मे १९७९

ब्याईजी बाघसिंहजी यांस गुमानसिंहचा जय माताजी, आणि वरातीतल्या सगळ्यांचा.

सूनबाई खुशाल आहे. पहिल्याच दिवशी माझ्या आईच्या पाया पडायला गेली. आईने विचारलं, "काय गं, घर कसं वाटलं?" तर म्हणे, "चांगलं आहे दादीसा, पण घोड्याला इथवर एवढ्या लांब यायची घाई का झाली ते समजलं नाही." माझी आई हसून हसून आडवी झाली. ऐंशीच्या पुढे आहे ती, जरा जपून पाठवायची होतीत पोर!

आता त्या दिवशीचं. तुम्ही काही बोलत नाही, आणि लोक काहीही बोलतात, म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो.

आमची वरात वेशीवर आली. तुमचा दमामी नगाऱ्यासमोर टिपऱ्या उचलून तयार. तुम्ही हात वर केला की त्याने टिपरी मारायची, असं ठरलेलं. आणि वरून, गच्चीवरून, पोरींनी अचरजबाईंचं कडवं सुरू केलं. मिशा आधी, बरोबर. मी खालून पाहत होतो. तुम्ही मान वर करून ऐकत उभे. हात खालीच. दमामी तुमच्याकडे बघतोय, मी तुमच्याकडे बघतोय, कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, हात खालीच! सायरबाई गच्चीवरून ओरडल्या, "अरे डूंगाजी, उठा की!" सगळं गाव फुटलं.

तेवढ्यात आमच्या गाढव पुतण्याने फटाका लावला. घोडीने कान पाडले आणि सुटली. देवीसिंह वर, तलवार हातात, तोंडावर मोत्यांच्या झालरी, डोळ्यांना काही दिसत नाही. मी ओरडतोय, "लगाम! लगाम!" आणि गच्चीवरून शंभर बायका एका सुरात, "पळाले! राणाजी पुन्हा हरले!"

पण ब्याईजी, घोडी कुठे गेली? पुढे गेली. तोरणाखालून, मांडवातून, थेट तुमच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तोरणाला तलवार लावायचा विधी राहिला तो राहिला. पुन्हा बाहेर आणून करावा लागला.

तेव्हा आमच्या गावाने पंचायत बसवून ठरवलं आहे. आमचा घोडा तोफेला भीत नाही, फक्त त्याला दिशा हवी. खानव्याला तुमचं अंगण समोर असतं तर राणाजी जिंकले असते. दोष नगाऱ्याचा. पक्षी डूंगाजींचा. पक्षी तुमचा.

एक मात्र सांगतो, आणि हे थट्टेत नाही. लग्नाच्या दिवशी तुमच्या मेहुण्यांनी तुमच्या डोक्यावर रंगीत साफा बांधला होता. निरोपाच्या सकाळी पाहिलं, तर पुन्हा ते शोकाचं लहान पांढरं पागोटं. वर्ष उलटलं आहे. सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, बाबोसांना लांब साफा एकट्याने बांधता येत नाही, दुसरं टोक आई धरायची.

या पत्राबरोबर एक रंगीत ठिपक्यांचा चुनरीचा साफा पाठवतो आहे. हंसल्याकडून समजा.

गुमानसिंह


सिंगोलाव
१२ मे १९७९

ब्याईजी श्री गुमानसिंहजी यांस जय माताजी.

पत्र आणि साफा दोन्ही मिळाले. आज शनिवार. दवाखाना दुपारपर्यंत होता. ऊन फार आहे. सायरबाई शेजारच्या गावी बारशाला गेली आहे. येताना मी विहिरीच्या वाटेने आलो. पोरींना आता माझी सवय झाली आहे. त्या गाणं थांबवत नाहीत, फक्त एखादी विचारते, "काकोसा, बरोबर आहे ना?" आणि मी मान हलवतो.

सूरज आपल्याकडे हसते आहे हे वाचून बरं वाटलं. तिची आईही सासरी आली त्या दिवशी माझ्या आजीला असंच काहीतरी बोलली होती. ते काय होतं, हे सूरजला विचारलं तर ती सांगेल. मी लिहू शकत नाही.

नगाऱ्याच्या बाबतीत चूक माझी होती, ती मी मान्य करतो. मात्र आपल्या पंचायतीच्या निर्णयाला मी हरकत घेतो. मी पशुदवाखान्यात कंपाउंडर म्हणून जन्म काढला आहे. आपली घोडी शौर्याने पुढे आली नाही. आमच्या अंगणात वरातीच्या जनावरांसाठी भिजवलेल्या हरभऱ्याची टोपली होती, आणि ती घोडी थेट त्या टोपलीपाशी येऊन थांबली. तिथे माझ्यासमोर तिने अर्धी टोपली संपवली. आपले चिरंजीव वर बसून होते, त्यांना दिसत नव्हतं. यावरून खेताजींच्या वेळी नाहरवासच्या दिशेला काय भिजत घातलं होतं, याचा अंदाज करता येतो. तेव्हा राणाजी हरले ते आपल्याच घोड्यामुळे, आणि आमच्या गावाचा निकाल कायम आहे.

इतिहासाचं पुस्तक मी फळीवर परत ठेवलं आहे.

हरभऱ्याचं हे मी जोडलेलं पहिलंच कडवं समजावं. चाल लागत नाही. पोरी म्हणाल्या, आम्ही लावू.

इथवर लिहून साफा उघडला. रंग चांगला बसला आहे. घरात कुणी नव्हतं. कापडाचं एक टोक दाराच्या कडीला बांधलं, ओढून पाहिलं, सुटलं नाही. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे गेलो, कापड ताणून धरलं, आणि डोक्याला गुंडाळत गुंडाळत दारापर्यंत आलो.

बाघसिंह